एक सेकंद म्हणजे पावणेपाच सेंटिमीटर: जुन्या टेपरेकॉर्डरवर संगीत करू पाहणाऱ्यांसाठी

सांगलीत आमच्या माळ्यावर बुटांच्या दोन खोक्यांत कॅसेटी पडून होत्या. त्यातली एक मी कापली. वर निळ्या शाईत 'हिंदी गाणी' लिहिलेलं, म्हणून मागचापुढचा विचार न करता कापली. चोवीसेक सेंटिमीटर टेप घेतली, दोन्ही टोकं जोडून तिचं कडं केलं, परत कॅसेटमध्ये बसवलं आणि उरलेला गुंता सकाळी घंटागाडीत टाकून आलो. दुपारी सहज कॅसेट उलटी घातली, तर आजीचा आवाज. "गॅसचा नंबर लागलाय म्हणं, पण शेगडी..." आणि लगेच पुन्हा, "गॅसचा नंबर लागलाय म्हणं, पण शेगडी..." मुंबईच्या काकांना पाठवायला तिनं कॅसेटवर बोलून ठेवलेलं पत्र होतं ते. शेगडीचं पुढं काय झालं, हे आता घंटागाडीलाच माहीत.

म्हणून पहिल्या पायरीच्याही आधीची एक पायरी: घरातली कुठलीही कॅसेट कापण्याआधी दोन्ही बाजू पूर्ण ऐका आणि मोबाइलवर उतरवून ठेवा. लेबलवर विश्वास ठेवू नका. कॅसेटची टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते. तिच्या निम्म्या रुंदीत एक बाजू आणि उरलेल्या निम्म्यात उलट्या दिशेनं दुसरी बाजू असते. कात्री दोन्हींवर एकदमच चालते.

आता हे सगळं करायचं कशाला? मोबाइलवर फुकट ॲप आहेत, त्यात दहा मिनिटांत लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहणारा तुकडा, तयार होतो. खरं आहे. पण टेपवर वेळ हातात धरता येतो, फुटपट्टीनं मोजता येतो. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली, तेव्हापासून तिचा वेग ठरलेला आहे: सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. म्हणजे पावणेपाचच धरा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, म्हणजे सुमारे ८६ मीटर टेप. एक शिंक तीन सेंटिमीटर. हा आकडा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं शिवणकामासारखं होतं: मापा, कापा, जोडा.

मशीन कुठून आणायचं

नवं विकत घ्यायला जाऊ नका. सांगली-मिरजेत अजून भंगाराच्या दुकानांत, जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांच्या फळीवर आणि ओळखीच्यांच्या माळ्यांवर टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच डब्यात) पडलेले असतात. बाजारात फिरण्याआधी नातेवाइकांना विचारा. बहुतेक जण "घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल" असंच म्हणतील.

काय घ्यावं? एकच अट मी सोडत नाही: मशीन सेलवर चालायला हवं. आपण ते उघडणार आहोत, झाकण काढून चालवणार आहोत, बोटं आत घालणार आहोत. २३० व्होल्टच्या तारा मोकळ्या ठेवून हे उद्योग करायचे नाहीत. वायर काढा, मोठे सेल घाला, मग पेचकस हातात घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे लाल बटण. नुसता प्लेअर नको, रेकॉर्डर हवा. स्टिरिओ नसला, एकच स्पीकर असला तरी चालेल; उलट सुरुवातीला तोच बरा, आतला पसारा कमी असतो.

दुकानात तपासताना आधी कॅसेट न घालता प्ले दाबा. टेपवर आवाज लिहितो-वाचतो त्या भागाला हेड म्हणतात; हेडच्या शेजारी एक बारीक चकचकीत लोखंडी दांडी असते, तिला कॅपस्टन म्हणतात. ती फिरते का बघा. तिच्यावर टेकणारा काळा रबरी रोलर फिरतो का, उजवीकडची चकती फिरते का, तेही बघा. व्हॉल्यूम वाढवल्यावर स्पीकरमधून सूं असा आवाज आला तर ॲम्प्लिफायर जिवंत आहे. मग एक टाकाऊ कॅसेट घाला. चांगली घालू नका, कारण अशी मशीनं पहिल्या घासाला टेप खातात.

मोटर फिरतेय पण कॅपस्टन हलत नाही, असं असेल तर बेल्ट गेलाय. हे मशीन आनंदानं घ्या, भाव पाडून घ्या. जुना रबरी बेल्ट वर्षानुवर्षं पडून डांबरासारखा चिकट होतो. ते डांबर पुसून काढायचं, दोरा घेऊन बेल्टच्या वाटेची लांबी मोजायची आणि त्याहून पाच-सात टक्के कमी मापाचा बेल्ट मागायचा. ताणून बसला पाहिजे, पण मोटर कण्हायला नको.

मिरजेत ज्या काकांकडून मी बेल्ट घालून घेतला त्यांनी विचारलं, "दादा, हे चालू करून ऐकणार काय? मोबाइलवर सगळं येतंय की."

म्हटलं, "काका, ऐकायला नाही, बिघडवायला पाहिजे."

"मग पैसे कशाला घालवताय? माझ्याकडंच ठेवा, आपोआप बिघडतंय."

स्वच्छता

मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. जखमेला लावायचं स्पिरिट नको, त्यात इतर काहीबाही असतं. कानकोरणीच्या कापसाला लावून हेड आणि कॅपस्टन पुसा. कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत पुसा. रबरी रोलरला मात्र साबणाच्या पाण्याचा ओला कापूस पुरे, अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं. नंतर दर आठ-दहा तासांच्या वापरानं हेच पुन्हा. आवाज दबका वाटला की लोक हेड बदलायची भाषा करतात, दहांत नऊ वेळा हेडवर नुसता मळ असतो.

हेडच्या बाजूला रंगाचा ठिपका लावलेला एक बारीक स्क्रू दिसेल. त्यानं हेडचा कल ठरतो. तो फिरवायचा मोह होईलच, पण आपण ज्या मशीनवर रेकॉर्ड करणार त्याच मशीनवर वाजवणार असू तर त्याला हात लावायचं कारण नाही.

कॅसेटी कोणत्या

चारही कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच स्क्रू असलेल्याच कॅसेटी बाजूला काढा. चिकटवून बंद केलेल्या उघडताना फुटतात. साध्या, टाइप-वन म्हणजे लोहकणांच्या टेपा घ्या. क्रोम किंवा मेटलच्या महागड्या टेपांचं आपल्या टू-इन-वनवर चीज होत नाही.

साठ मिनिटांची टेप सोळा-सतरा मायक्रॉन जाड असते, नव्वदची बारा, एकशेवीसची नऊ. कापाकापी शिकायला साठच. एकशेवीसची टेप पापडाच्या लाटीसारखी, बोटाला चिकटते, सुरकुतते, मशीनमध्ये गुंडाळते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर कृष्णेकाठानं पाहिलेत, आणि भंगारात येणाऱ्या कॅसेटींपैकी काही त्या पाण्यातून आलेल्या असतात. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके, जाळी किंवा गाळाची रेघ दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडवर उतरते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. गाळ तर हेडला पॉलिशपेपरासारखा घासतो. हाताळायचीच असेल तर नाकातोंडावर मास्क लावून, घराबाहेर. घरच्या जिव्हाळ्याची असेल तर सावलीत कोरडी करा आणि जाणकाराकडून उतरवून घ्या. उन्हात ठेवू नका, केस वाळवायच्या यंत्राची हवा तर नकोच.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे चौकोनी कप्पे असतात. प्लास्टिकची जीभ मोडलेली असेल तर रेकॉर्ड बटण दबत नाही. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की दबतं. (चिकटपट्टी लावण्याआधी आजीचं स्मरण करा.)

पहिला आठवडा: काहीच कापायचं नाही

मशीन घेऊन बाहेर पडा आणि आवाज गोळा करा. रसवंतीतले घुंगरू, मिरज जंक्शनवरची उद्घोषणा, मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यातली बोली, घाटावरची घंटा. प्रत्येकी अर्धा मिनिट पुरे. माणसांचं बोलणं घेताना विचारून घ्या, इतकं मोठं मशीन बघून लोक स्वतःच विचारतात, "हे अजून चालतंय?" आणि तिथून गप्पा सुरू होतात.

घरी येऊन ऐकताना एक चमत्कार कळेल. स्वस्त रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी मशीन स्वतः ठरवतं. मोठा आवाज आला की ते दबतं, शांतता आली की हळूहळू कान टवकारतं आणि मागचा गोंगाट वर आणतं. घंटेचा टोला पडल्यावर घंटा विरते तसतसे घाटावरचे कावळे, पाणी, मोटारसायकली फुगून वर येतात. दोष म्हणून बघितलं तर दोष आहे. पण याच श्वासासाठी मी अजून तो जुना एका स्पीकरचा डबा सांभाळून आहे, आवाजाची पातळी काट्यानं दाखवणारा मीटरवाला मोठा डेक घरात असतानाही.

मीटर असलेल्या मशीनवर पातळी तुम्ही ठरवता. तिथं काटा थोडा लाल भागात गेला तरी घाबरू नका. टेप एकदम फाटक्या आवाजात जात नाही, आधी आवाज दाटतो, कडा गोल होतात. किती दाटवायचा हे ऐकून ठरवा.

मोबाइलमधला आवाज टेपवर घ्यायचा असेल तर सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे मोबाइल मशीनच्या माइकसमोर ठेवणं. वायरनं जोडणार असाल तर माइकच्या भोकात मोबाइलचा आवाज अगदी पहिल्या-दुसऱ्या रेघेवर ठेवा, ते भोक फार नाजूक कानाचं असतं.

लूप: हाच खरा धडा

लागणारं सामान: बारीक पेचकस, नवं कोरं ब्लेड, फुटपट्टी, जाड दोरा, पांढरी फरशी आणि टेप जोडायची पट्टी. ही पट्टी खास पातळ आणि कोरड्या गोंदाची मिळते, ऑनलाइन मागवावी लागते. साधी सेलोटेप शिकण्यापुरती चालेल, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचा गोंद पाझरतो आणि हेडला, रोलरला चिकटतो. ब्लेड चुंबकाजवळ ठेवलेलं नसावं. चुंबकत्व आलेल्या ब्लेडनं कापलं की जोडावर दर वेळी 'टक' असा आवाज येतो, आणि मग माणूस जोड तपासत बसतो.

फरशीवर जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन सरळ पट्ट्या चिकटवा, मध्ये टेप जेमतेम मावेल एवढी फट ठेवून. झाली जोडायची पाटी. फटीवर ४५ अंशांत एक रेघ मारून ठेवा.

कॅसेट टेबलावर आडवी ठेवा, टेप दिसणारी उघडी बाजू तुमच्याकडे. पाच स्क्रू काढा आणि वरचं झाकण सावकाश उचला. झाकण झटक्यात उचललं की आतले रोलर उडी मारून सोफ्याखाली जातात. आतला नकाशा मोबाइलवर टिपून ठेवा: दोन चक्र्या, दोन कोपऱ्यांत दोन छोटे रोलर, मधोमध स्प्रिंगवर लोकरीचा इवलासा तुकडा आणि वरखाली दोन गुळगुळीत पातळ कागद. लोकरीचा तुकडा टेपला हेडवर दाबून धरतो, तो पडला की आवाज गेलाच. कागदही परत जसेच्या तसे बसले पाहिजेत.

टेप बाजूला काढा. आता दोरा घ्या. डाव्या कोपऱ्यातल्या रोलरवरून उघड्या बाजूनं उजव्या रोलरपर्यंत, तिथून उजव्या चक्रीला बाहेरून वळसा आणि परत डाव्या रोलरला. दोरा सैल नको, ताणलेलाही नको. माप साधारण चोवीस सेंटिमीटरच्या आसपास येईल. माझ्या कॅसेटीत २३.८ येतं, आणि त्याला ४.७६ नं भागलं की बरोबर पाच सेकंद. दोन्ही चक्र्यांवरून नेलं तर अठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे सहा सेकंदांच्या जवळ. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून दोऱ्यावर भिस्त ठेवा, माझ्या आकड्यावर नको.

मापाची टेप कापा. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून ४५ अंशांत एकदमच कापा, म्हणजे दोन्ही तिरके काप एकमेकांत तंतोतंत बसतात. तिरकं कशासाठी? सरळ कापलं तर एक आवाज संपून दुसरा हेडवर एकाच क्षणी आदळतो. तिरक्या कापात एक उतरताना दुसरा चढतो.

टोकं पाटीच्या फटीत भिडवा, मध्ये केसाएवढीही फट नको आणि एकावर एक चढायलाही नको. दीड सेंटिमीटर पट्टी वरून चिकटवा, नखानं घासा, बाजूला आलेलं ब्लेडनं काढा. पट्टी टेपच्या आतल्या अंगाला लावायची. कॅसेटमध्ये जो पृष्ठभाग बाहेर, हेडकडे बघतो त्याच्यावर आवाज असतो. तिथं पट्टी लागली तर तेवढा वेळ मुकं ऐकू येतं. कॅसेट उघडतानाच बाहेरच्या अंगाला पेन्सिलीचा बारीक ठिपका करून ठेवा, नंतर कोणतं अंग कोणतं हे हमखास विसरतं.

कडं बसवा, वाट नीट बघा, झाकण लावा, स्क्रू हलक्या हातानं कसा. नटराज पेन्सिल चक्रीत घालून उजवी चक्री फिरवा. टेप सरकली तर जिंकलात. अडकत असेल तर कडं आखूड झालंय, आत लोळत असेल तर लांब. दोन-तीन मिलिमीटरचा खेळ असतो. माझे पहिले चार लूप वाया गेले, पाचवा आजीचा.

एक सांगायचं राहिलं: लूपच्या कॅसेटवर फास्ट फॉरवर्ड दाबू नका. कडं ताणतं किंवा तुटतं.

मिरजेचा तंबोरा आणि पाच सेकंद

लूपवर पहिलं काय रेकॉर्ड करावं? माझं उत्तर तंबोरा, आणि ते मिरज शेजारी आहे म्हणून नाही. (आहे म्हणूनही आहे. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत पडलेले बघत मोठं झालेल्यानं दुसरं काय सांगावं? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय.) कारण व्यावहारिक आहे. सतत चालणाऱ्या नादात जोड लपतो. शब्द किंवा ठेका घेतला तर जोड चुकला की उघडा पडतो.

तंबोऱ्याच्या चार तारा, पंचम, जोडाच्या दोन आणि खर्ज, सावकाश छेडल्या की एक फेरा पाच सेकंदांच्या आसपास येतो. लूपही पाच सेकंदांचा. म्हणजे छेडायची गती थोडी आवरली की एक फेरा म्हणजे एक कडं. सव्वा सेकंदाला एक तार, टेपवर प्रत्येक तारेला जवळजवळ सहा सेंटिमीटर. माइक घोडीच्या जवळ ठेवा. जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासते त्या उतारातून, निघणारी ती झणझण उंच स्वरांची असते आणि साध्या कॅसेटवर नेमके उंच स्वरच आधी गळतात. लांबून घेतलं तर नुसता भोपळ्याचा घुमारा उरतो. घरी तंबोरा नसेल तर मोबाइलमधला तंबोराही चालतो, पण खऱ्या तंबोऱ्यात दर फेऱ्याला होणारा तो सूक्ष्म फरक लूपमध्ये गोठतो, आणि विसाव्या फेऱ्याला तो कानाला कळायला लागतो. ती गंमत ॲपमध्ये नाही.

ठेक्याचं गणितही सोपं आहे. पाच सेकंदांत केरव्याच्या आठ मात्रा बसवायच्या तर मिनिटाला ९६ ची लय. मोबाइलवरचा मेट्रोनोम (टकटक करून लय धरणारं ॲप) ९६ वर ठेवा, कानात ऐका, तबला किंवा टेबल वाजवा. एक मात्रा टेपवर तीन सेंटिमीटरला किंचित कमी पडते. दादरा हवा तर ७२, रूपक ८४, झपताल १२०, आणि द्रुत तीनतालाच्या सोळा मात्रा १९२ ला. एकदा हे बसलं की मात्रा ब्लेडनं काढून टाकता येते. केरव्यातली एक मात्रा कापलीत तर सात वाजत्या आणि एका मुक्या मात्रेचा काहीतरी लंगडा ताल तयार होतो. तो ऐकून आमच्या शेजारचे तबलजी म्हणाले, "याला ताल नाही म्हणत, याला खड्डा म्हणतात." मला तो खड्डा आवडतो. फक्त कापलेल्या तीन सेंटिमीटरांच्या जागी कोरी टेप जोडायला विसरू नका, नाहीतर कडं आखूड पडतं.

मशीनचा वेग खरंच बरोबर आहे का, हे बघायचं तर लूपच्या वीस फेऱ्यांना घड्याळ लावा. पाच सेकंदांच्या लूपला शंभर सेकंद यायला हवेत. ९७ आले तर मशीन तीन टक्के पुढं आहे. त्याच मशीनवर काम करणार असाल तर सोडून द्या.

थरावर थर

टेप डावीकडून उजवीकडे जाते. मुख्य हेडच्या आधी, डाव्या हाताला, एक छोटं हेड असतं. रेकॉर्ड करताना ते जुना आवाज पुसून टेप कोरी करतं. स्वस्त मशीनमध्ये तिथं नुसता चुंबकाचा तुकडा असतो, जो रेकॉर्ड दाबल्यावर पुढं येतो. या पुसणाऱ्याला गप्प केलं की नवा आवाज जुन्यावर चढतो.

चुंबक असेल तर एक स्क्रू काढून तो बाजूला करा आणि डबीत जपून ठेवा. हेड असेल तर त्याच्या तोंडावर जाडसर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा, टेप त्याच्यापासून किंचित दूर राहील इतपत. आता पाच सेकंदांचा लूप लावा, रेकॉर्ड दाबा आणि तंबोरा छेडा. पुढच्या फेऱ्याला एक स्वर गुणगुणा. त्यापुढच्या फेऱ्याला घुंगरू.

जुना थर तसाच्या तसा राहत नाही. रेकॉर्ड होताना हेडमधून जो कंप टेपवर जातो तो आधीचं थोडं थोडं पुसत असतो, आणि आधी उंच स्वर जातात. दहा फेऱ्यांनी पहिला तंबोरा दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा वाटतो, वीस फेऱ्यांनी शेजारच्या वाड्यात. हे थांबवता येत नाही, मागेही घेता येत नाही. म्हणून जे पुढं हवं ते शेवटी गा, जे मागं हवं ते आधी. नवे लोक नेमकं उलट करतात, आवडती गोष्ट आधी घालतात आणि मग ती विरताना बघत बसतात.

वेग

बहुतेक मोटरींच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. मूळ जागेची खूण करा, प्लास्टिकच्या मुठीच्या बारीक पेचकसानं अगदी थोडा फिरवा. बारा टक्क्यांनी वेग वाढला की पेटीवरच्या काळी एकचा षड्ज काळी दोनवर जातो, सहा टक्क्यांनी पांढरी दोनवर. निम्मा वेग म्हणजे पूर्ण सप्तक खाली, पण तेवढं या स्क्रूनं होत नाही. दोन मशीनं असतील तर होतं: पहिलं शक्य तेवढं जलद करून त्यावर रेकॉर्ड करा, मग सर्वात संथ करून वाजवा आणि ते दुसऱ्यावर उतरवा, पुन्हा तेच. रसवंतीचे घुंगरू असे दोन-तीनदा उतरवले की देवळातल्या घंटा होतात, आणि उसाच्या चरकाचा आवाज मालगाडीसारखा. वेग हातानं फिरवता यावा म्हणून मोटरीला बाहेरून गोल बटण जोडता येतं, पण मोटरीगणिक जोडणी वेगळी, दुरुस्तीवाल्या काकांकडूनच करून घ्या.

उलटा आवाज बऱ्याच जणांना हवा असतो. टू-इन-वनवर तो फक्त टेपच्या पाठीतून ऐकता येतो: लूप जोडताना टेपचं आतलं अंग बाहेर करा. आवाज उलटा येतो, पण भिंतीपलीकडून आल्यासारखा दबका. इथं मात्र नव्वदची पातळ टेप साठपेक्षा बरी. स्वच्छ उलटा आवाज हवा तर चार ट्रॅकचा, म्हणजे एकाच टेपवर शेजारीशेजारी चार वेगळे आवाज घेणारा, कॅसेट रेकॉर्डर लागतो. टिॲक कंपनीनं पहिला १९७९ मध्ये आणला. चारही ट्रॅक एकाच दिशेचे असल्यानं कॅसेट उलटी घातली की सगळं उलटं वाजतं. आज जुना घ्यायचा तरी भाव ऐकून माणूस गप्प होतो.

लांब लूपसाठी कॅसेटच्या कवचाच्या वरच्या कडेला दोन खाचा करून टेप बाहेर काढा, मशीनचं दार काढून टाका आणि पाण्यानं भरलेल्या बाटलीभोवती वळसा द्या. एक मिनिटाला २ मीटर ८६ सेंटिमीटर. पंखा बंद करा. मांजर असेल तर खोलीबाहेर काढा. मोठ्या चाकांची रील मशीनं मी नवख्यांना सुचवत नाही, जड असतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. पण हाती लागलीच दोन, तर सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या वेगावर मीटरभर अंतरावर ठेवा, एकाच टेपवर पहिलीनं रेकॉर्ड करा, दुसरीनं वाजवा: सव्वापाच सेकंदांनी आवाज परत येतो.

हे उद्योग करणारे आपण पहिले नाही. कैरोत हलीम अल-दाब या इजिप्शियन संगीतकारानं १९४४ साली तारेवर रेकॉर्ड करणारं यंत्र घेऊन झार नावाच्या विधीतला बायकांचा आवाज टिपला आणि स्टुडिओत त्याला वेगळं रूप दिलं. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीनं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तिथं मूग सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) आणि टेप मशीनं होती, आणि गीता साराभाई, अतुल देसाई अशी मंडळी त्यावर काम करत होती. त्यांच्या टेपा दशकानुदशकं पडून राहिल्या होत्या.

शेवटी उतरवणं आणि नोंद. लूप चांगला वाजतोय तोवर, त्याच दिवशी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर दहा मिनिटं उतरवून ठेवा. जोड उद्या सुटला तर तो नाद परत जसाच्या तसा येत नाही. कॅसेटी उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि आमच्यासारखं नदीच्या बाजूला राहत असाल तर माळ्यावर. लेबलवर मशीन, माप, सूर आणि कुठला आवाज एवढं तरी लिहा. माझ्या आजच्या डबीवर लिहिलंय: 'एक स्पीकरवाला. २३.८ सेंमी. काळी एक. मिरज, नवा भोपळा, तारा जुन्या. ब बाजू: शेगडी. पुसू नये.'